पावागडाची उतरण

१४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज तरुण आणि त्याचे सहा सोबती आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पोहोचले. तोवर त्या शिखरास मानवाचे पाऊल लागले नव्हते. माथ्यावर आनंदाचा तासभर गेला आणि मंडळी उतरू लागली. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि सातांपैकी चौघे कड्यावरून खाली कोसळले. चढण सर्वांनी निभावली होती. घात झाला तो उतरणीवर. तरीही जगाने त्या दिवसाची नोंद केली ती शिखर जिंकल्याचा दिवस म्हणून. आपल्या भाषेतही गिर्यारोहण हा शब्द चांगला रुळला, पण उतरण्याच्या विद्येला कोणी तसे भारदस्त नाव दिले नाही. माणसाचे लक्ष माथ्याकडे असते. माथा गाठला की काम संपले असे त्याला वाटते.

बडोद्याच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या पावागडाच्या वाट्याला हेच आले आहे. दरवर्षी लक्षावधी भाविक कालिकामातेच्या दर्शनासाठी हा डोंगर चढतात आणि दर्शन घेऊन आल्या वाटेने परततात. आल्प्सच्या मानाने पावागड लहान. समुद्रसपाटीपासून त्याची उंची आठशे मीटरांच्या थोडी वर, आणि त्याच्या माथ्याला बर्फाचा स्पर्श नाही. पण सपाट मैदानातून तो एकदम उभा राहिला असल्याने आहे त्याहून उंच भासतो. सकाळी माथ्यावरून निघून संध्याकाळपर्यंत पायथ्याशी, चांपानेरच्या जुन्या तटापाशी, सावकाश यावे. एवढ्या एका दिवसात या डोंगराचा इतिहास क्रमाने वाचता येतो. पुस्तकाचे पहिले पान वर आहे आणि शेवटचे खाली. जो तो चढताना उलट्या क्रमाने वाचीत जातो, म्हणून त्याला अर्थ लागत नाही, एवढेच.

हा डोंगर सह्याद्रीच्या गोत्रातला आहे. दख्खनचे पठार ज्या लाव्हारसाने घडले त्याच कुळातील काळा खडक येथेही थरावर थर रचून उभा आहे; माथ्याकडचा खडक मात्र निराळ्या जातीचा, फिक्या रंगाचा व अधिक चिवट आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पावागडचे कडे आणि माच्या परक्या वाटत नाहीत. डोंगराचा पाव हिस्साच जमिनीवर दिसतो आणि बाकीचा भूमीत गडप आहे, म्हणून हा पावागड, अशी नावाची एक लोकव्युत्पत्ती सांगतात. व्युत्पत्तिशास्त्राला ती मान्य होवो न होवो, इतिहासाच्या दृष्टीने ती बोलकी आहे. या गडाचे जे काही दिसते ते वर. तो ज्यावर जगला ते खाली.

उतरणीचा आरंभ कालिकेच्या मंदिरापासून होतो. सतीच्या देहाचे अवयव जेथे जेथे पडले त्या शक्तिपीठांपैकी हे एक, अशी श्रद्धा आहे. विश्वामित्र ऋषींनी येथे तप केले आणि देवीची स्थापना केली, असेही सांगतात; डोंगरात उगम पावणाऱ्या नदीला विश्वामित्री हे नाव त्यावरूनच पडले. या मंदिराच्या शिरावर कित्येक शतके सदनशाह पिराचा दर्गा होता. खाली देवी आणि वर पीर, अशी ही वास्तू पिढ्यान् पिढ्यांनी पाहिली. अलीकडे मंदिराचा जीर्णोद्धार झाला, दर्ग्याची जागा बदलण्यात आली, मंदिराला नवे शिखर आले आणि १८ जून २०२२ रोजी त्यावर ध्वज चढविण्यात आला. अशा रीतीने माथ्यावरील इतिहासाचे पान आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा लिहिले गेले आहे.

शिखराच्या पायऱ्या उतरून आले की मौलिया नावाचे पठार लागते. छासिया आणि दुधिया अशी खाण्यापिण्याची नावे धारण करणारी दोन तळी येथे आहेत. एक ताकाचे, दुसरे दुधाचे! पाण्याला इतक्या लाडाने ज्यांनी हाक मारली त्यांना डोंगरावरच्या पाण्याचे मोल ठाऊक होते. छासिया तळ्याजवळ लकुलीशाचे मंदिर आहे. दहाव्या-अकराव्या शतकातील हे मंदिर गडावर आज उभ्या असलेल्या वास्तूंत सर्वांत जुने समजले जाते. पाशुपत संप्रदायाचा आचार्य लकुलीश हा शिवाचा अवतार मानला जातो. त्याचे मूळ स्थान बडोद्याच्या दक्षिणेस असलेले कारवण, म्हणजेच कायावरोहण. शिवाने तेथे मानवी कायेत अवरोहण केले, म्हणजे तो कायेत उतरला, अशी त्या नावामागील श्रद्धा आहे. ज्या देवाचे माहात्म्यच खाली उतरण्यात आहे, त्याचे मंदिर या उंचीवर असावे, हा योगायोग मोठा गोड वाटतो. जवळच जैन मंदिरे आहेत. रामपुत्र लव आणि अंकुश यांचे निर्वाण येथे झाले, अशी दिगंबर जैनांची परंपरा असल्याने त्यांनाही हा डोंगर तीर्थासारखा आहे.

याच पठाराच्या कडेला नवलखा कोठार आहे. घुमटांची ही इमारत धान्य साठविण्यासाठी होती. खाली उतरताना आणखी एक, मकाई कोठार नावाचे, लागते. ही कोठारे पाहून एक साधा प्रश्न पडावयास हवा : हे धान्य आले कोठून? डोंगरमाथ्यावर शेती नाही. प्रत्येक पोते खालच्या मैदानात पिकले आणि कोणाच्या तरी पाठीवरून वर आले. ज्यांच्या पाठीवरून ते आले त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. पण गडाच्या साऱ्या कथेत निर्णायक पात्र तेच आहे, हे पुढे दिसून येईल.

इ. स. १३०० च्या सुमारास खीची चौहान कुळातील राजपुतांनी पावागडावर आपले ठाणे केले. त्यांचा शेवटचा राजा जयसिंह हा लोकांत पतई रावळ या नावाने ओळखला जातो. गरब्यांतून गुजरातच्या घराघरांत पोहोचलेली कथा अशी : नवरात्रात प्रत्यक्ष कालिकामाता स्त्रीरूपाने गरबा खेळण्यास आली. तिच्या रूपाने भुललेल्या राजाने तिचा पदर धरला. देवीने त्याला शाप दिला आणि त्याचे राज्य बुडाले.

फारसी तवारिखा निराळे सांगतात. १४८२ साली गुजरातेत अवर्षण झाले होते. सुलतान महमूद बेगड्याच्या एका सरदाराने चांपानेरच्या मुलखात लुटालूट केली आणि रावळाने त्याला ठार केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुलतान चालून आला. रावळाने माळव्याचा सुलतान गियासुद्दीन खिलजी याच्याकडे मदत मागितली. पण तो मदतीला न पोहोचताच मागे फिरला. वेढा सुमारे वीस महिने चालला. आपण येथून हलणार नाही हे वरच्यांना कळावे म्हणून महमूदाने पायथ्याशी मशिदीचा पाया घातला. वर कोठारे रिती होत होती आणि खाली इमारत उठत होती.

शेवट आला तो नोव्हेंबर १४८४ मध्ये. सकाळच्या प्रहरी पहारेकरी स्नान-आन्हिकासाठी आपली जागा सोडून जातात, हे वेढा घालणाऱ्यांनी हेरले होते. ती वेळ साधून एक तुकडी आत शिरली. दुसरीकडे पश्चिमेच्या तटास खिंडार पडले. राजपूत स्त्रियांनी जोहार केला. उरलेले योद्धे लढून पडले. जखमी जयसिंह हाती लागला आणि धर्मांतरास त्याने नकार दिल्यावर त्याचा वध करण्यात आला.

लोककथा आणि तवारीख यांत खरे कोणते, असा वाद घालण्यात अर्थ नाही. कथा आहे ती कथाच. पण दोहोंना एक गोष्ट मान्य आहे, ती ध्यानात घेण्याजोगी आहे. गड कमी उंच होता म्हणून पडला, असे कोणीच म्हणत नाही. कथा म्हणते की माथ्यावर बसलेल्याचा तोल गेला. तवारीख म्हणते की पहारा सुटला आणि अन्न संपले. शत्रूच्या तोफेपेक्षा आतल्या उणिवेला दोघांनीही पुढचा मान दिला आहे.

रावळाचे वंशज मात्र संपले नाहीत. ते डोंगर उतरून पूर्वेच्या व दक्षिणेच्या रानात गेले. देवगड बारिया आणि छोटा उदेपूर ही दोन संस्थाने या घराण्याचीच समजली जातात. ती १९४८ साली विलीन झाली. गडावर जे राज्य दोनशे वर्षेही टिकले नाही, ते गड सुटल्यानंतर आणखी साडेचारशे वर्षे जंगलाच्या आश्रयाने जगले.

माथा सोडून उतरण आता माचीकडे वळते. माचीच्या खालच्या वाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात. सदनशाह, मोती, बुढिया, अटक अशी त्यांची नावे आहेत. प्रत्येक दरवाजा खडकाला बिलगून बांधलेला, वाटेला वळण देऊन आडोशास ठेवलेला. सह्याद्रीतील किल्ले पाहिलेल्या माणसास ही दुर्गरचना चटकन उमगते. एवढे दरवाजे ओलांडून कोणी वर येईल हे अशक्यच वाटते. १५३५ साली हुमायून बादशहालाही तसेच वाटले असावे. कारण तो दरवाजांच्या वाटेने आलाच नाही.

त्या वर्षी गुजरातचा सुलतान बहादूरशाह माळव्यातून पळत चांपानेरला आला आणि गड इख्तियारखानाच्या हवाली करून खंबायत व पुढे दीवकडे निघून गेला. हुमायूनने वेढा घातला. चार महिने काही घडेना. मग एके दिवशी बादशहाला रानातून बाहेर पडणारी काही माणसे दिसली. ती परिसरातील गावकरी मंडळी होती. कड्याच्या एका अवघड बाजूने ती गडावर गुपचूप धान्य आणि तूप पोहोचवीत आणि वरून दोर सोडून तो माल ओढून घेतला जाई. बादशहाने ती जागा पाहून घेतली. कड्यात डाव्या-उजव्या बाजूस लोखंडी खुंट्या ठोकविल्या आणि एका रात्री निवडक तीनशे लोक घेऊन चढाई केली. एकोणचाळीस वीर वर गेल्यावर चाळिसावा बैरामखान चढला आणि एकेचाळिसावा स्वतः बादशहा, असे अबुल फजलने नमूद केले आहे. मराठी मनाला येथे १६७० सालच्या सिंहगडाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. काळोख, कडा आणि निवडक माणसे. फरक असा की पावागडचा कडा वाट दाखविणारा ठरला तो वर पोहोचणाऱ्या अन्नामुळे. ज्या वाटेने गड जगत होता, त्याच वाटेने तो गेला.

दोनशे वर्षांनी मराठे आले. १७२७ साली कंठाजी कदम बांडे यांचा मानसपुत्र कृष्णाजी याने अचानक छापा घालून चांपानेर घेतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पावागड शिंद्यांकडे गेला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल वुडिंग्टनच्या फौजेने आधी भडोच घेतले आणि १७ सप्टेंबर १८०३ रोजी पावागडच्या शिबंदीने शरणागती पत्करली. वरचा माथा लढविला असता तर तो घेणे जवळजवळ अशक्य होते, असे खुद्द इंग्रजांचे मत पडले. पण माथा लढविण्यासाठी वर अन्न आणि मन, दोन्ही हवे असते. त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने गड शिंद्यांना परत मिळाला. पुढे पंचमहालांचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि थोड्याच वर्षांत तो प्रदेश कायमचा त्यांचा झाला.

अटक दरवाजा मागे पडला की सपाटी येते आणि समोर चांपानेर दिसते. १४८४ नंतर महमूद बेगडा डोंगरावर राहण्यास गेला नाही. गड ताब्यात ठेवून त्याने राजधानी खाली वसविली आणि तिला मुहम्मदाबाद हे नाव दिले. जुनागड आणि चांपानेर हे दोन, म्हणजे 'बे', गड जिंकल्यामुळे त्याला बेगडा म्हणू लागले, असे बहुतेक मानतात. पण त्याची खरी करामत दुसरा गड जिंकल्यावर तो तेथून उतरला यात आहे. पावसाळ्यात डोंगराच्या अंगाने धावणारे पाणी त्याच्या नगररचनाकारांनी तळ्यांत, टाक्यांत आणि विहिरींत अडविले. वडा तलाव आजही भरतो. जामी मशीद हे या नगरीचे शिरोभूषण. तिचे दोन मिनार, खांबांची दाटी, मधल्या घुमटाखाली मजल्यामजल्यांनी चढत गेलेले सज्जे आणि दगडात कोरलेली कमळे-वेली पाहताना हिंदू कारागिराचा हात आणि मुसलमान आश्रयदात्याची कल्पना यांची जोडणी कोठे झाली, हे शोधूनही सापडत नाही. केवडा मशीद, नगिना मशीद आणि शहर की मशीद यांतही तीच भाषा बोलली गेली आहे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ रमणलाल नागरजी मेहता यांनी १९७० च्या आसपास येथे उत्खनने केली. त्यांत रस्ते, घरे, बागा आणि पाण्याचे पाट उजेडात आले. अमीराच्या एका वाड्यातील बागेतून खेळविलेले पाणी कोणत्या वळणाने जात असे, हे आज कोरड्या पाटांवरून कळते. रानात विखुरलेल्या अवशेषांखाली एक योजनाबद्ध शहर आहे, हे या कामाने सिद्ध केले. २००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागड पुरातत्त्व उद्यानास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गुजरातेत हा मान मिळविणारे हे पहिले स्थळ.

परंतु ही राजधानी किती काळ नांदली? जेमतेम पन्नास वर्षे. हुमायूनच्या स्वारीनंतर आणि १५३७ साली दीव येथे पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशाह बुडाल्यानंतर दरबार पुन्हा अहमदाबादला गेला. दरबारामागोमाग व्यापारी गेले, त्यांच्यामागे कारागीर. सतराव्या शतकाच्या आरंभी 'मिरात-ए-सिकंदरी'च्या कर्त्याने लिहिले तेव्हा या नगरीच्या आंब्यांची आणि चंदनाची कीर्ती आठवणीपुरती उरली होती आणि वस्तीच्या जागी वाघ फिरत होते. गड उपासमारीने पडला होता. हे शहर कोणी पाडले नाही, त्याला माणसे सोडून गेली. पायथा सुद्धा आपोआप टिकत नाही. तेथे राहण्याचे कारण संपले की तोही ओस पडतो.

डोंगर उतरून येणाऱ्यांत शेवटी उरते ती नदी. विश्वामित्री पावागडाच्या दऱ्यांतून निघते, पश्चिमेकडे वाहत बडोद्याच्या मधून जाते आणि ढाढर नदीला मिळून खंबायतच्या आखाताकडे वळते. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले ते त्यांच्याकडेच राहिले, आणि या मुलखातील सत्तेचे व विद्येचे केंद्र अखेर या नदीच्या काठी, मैदानात स्थिर झाले. माथ्यावरून माचीवर, माचीवरून पायथ्याशी, पायथ्याहून नदीकाठी असा हा एका प्रदेशाच्या राजकारणाचा पाचशे वर्षांचा उतार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला महापूर आला, बडोद्याचे मोठे भाग पाण्याखाली गेले आणि नदीतील मगरी वस्त्यांतून दिसू लागल्या. तेव्हा शहराने नदीच्या पात्राकडे पाहिले. चांपानेरच्या बांधणाऱ्यांनी पाचशे वर्षांपूर्वी डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला जागोजागी थांबावयास लावले होते, ही गोष्ट त्या वेळी आठवावयास हवी होती.

१९८६ पासून पावागडावर दोरवाट सुरू आहे. वृद्धांना व अपंगांना तिने देवीचे दर्शन सुलभ केले, ही मोठी सोय होय. तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण पाळण्यात बसून काही मिनिटांत वर गेलेल्या आणि तसेच खाली आलेल्या माणसाला माथा दिसतो आणि वाहनतळ दिसतो. मधले सात-आठशे वर्षांचे अंतर त्याच्या पायांखालून निघून जाते. कोठारे, दरवाजे, तळी, बुरूज यांच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि जेथे कोणी फिरकत नाही तेथे झाडोरा माजतो, दगड निखळतात, पाणी गढूळ होते. माथ्याचा जीर्णोद्धार झाला. आता पाळी मधल्या वाटेची आणि पायथ्याची आहे.

येथील विद्यार्थ्यांच्या सहली पावागडाला जातातच. त्यांनी चढताना हवी तर दोरवाट घ्यावी, पण उतरावे पायी. नवलखा कोठारापाशी थांबून शिक्षकाने एवढेच विचारावे, की हे धान्य कोणी आणले असेल. उत्तर द्यावयाला मुलांना फार वेळ लागणार नाही. त्या वेळीही दुकानदारांचा माल, पूजेचे साहित्य आणि पाण्याच्या बाटल्या डोक्यावर घेऊन कोणीतरी त्यांच्या शेजारून पायऱ्या चढत असेल.